नोट मोजा, मग कापड कापा

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण घरच्या घरी कापडाचं पाकीट शिवणार आहोत. खिशात मावणारं, मधोमध दुमडणारं, नोटांना एक कप्पा आणि कार्डांना दोन. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. मापं मी दोनदा सांगेन, म्हणजे घाईघाईत लिहावं लागणार नाही.

आधी कापडाचं बघू. आपल्याकडे कापडाला तोटा नाही. ओटीत आलेले, हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाउजपीस घरोघरी कपाटात पडून असतात. पुष्कळदा ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरतच राहतात, कारण कुणाला रंग आवडत नाही, कुणाच्या बाह्यांना कापड पुरत नाही. त्यातला घट्ट विणीचा एखादा सुती पीस काढा. खणाचा असेल तर फारच छान. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडच्या चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. त्याची बारीक नक्षी पाकिटाएवढ्या लहान तुकड्यावरही पूर्ण दिसते. मोठ्या फुलांच्या कापडात मात्र अर्धंच फूल हाती लागतं. जुनी जीन्सही चालेल, फक्त तुकडा गुडघ्याखालच्या मागच्या बाजूचा घ्या, तिथलं कापड सगळ्यात कमी झिजलेलं असतं. पैठणीचा काठ वापरायचा मोह होतो, पण रोज हाताळून जरीचे धागे सुटतात. तो काठ रोजच्या पाकिटाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कापड कोणतंही असो, रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा आणि इस्त्री करा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते पाकीट शिवल्यावर आटलं तर कार्ड आत जाणार नाही.

आता मापं. कात्री उचलण्याआधी, पाकिटात जे ठेवायचं आहे ते टेबलावर काढा आणि टेपनं मोजा. दुसऱ्याच्या मापाचं पाकीट आपल्या कामाला येईलच असं नाही. आपली आजची ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर उंच आहे. जांभळट रंगाची १०० ची नोट १४२ मिलिमीटर लांब, उंची तेवढीच. पण १०० च्या जुन्या नोटा अजून चालतात, आणि त्या १५७ मिलिमीटर लांब, ७३ मिलिमीटर उंच आहेत. म्हणून कप्पा करायचा तो या जुन्या शंभराच्या मापानं. इंचात सांगायचं तर लांबी सव्वासहाच्या आत आणि उंची तीनच्या आत. कार्डांचं सोपं आहे. बँकेचं कार्ड, पॅनकार्ड, आधारचं प्लास्टिकचं कार्ड, सगळी एकाच मापाची : लांबी साडेतीन इंचाच्या आत, उंची सव्वादोन इंचाच्या आत. परदेशातल्या भाच्याला भाऊबीजेला पाठवायचं असेल तर तिथली नोट विचारून घ्या. अमेरिकेचा डॉलर आपल्या ५०० पेक्षा जेमतेम लांब आहे, तो याच मापात बसतो. ५० युरोची नोट ७७ मिलिमीटर उंच असते, तिच्यासाठी सगळं पाकीट अर्धा इंच उंच करा.

लिहा. चार तुकडे कापायचे आहेत, आणि चारही ९ इंच रुंद. बाहेरचं कापड ९ बाय साडेचार. अस्तर ९ बाय साडेचार. नोटांचा कप्पा ९ बाय ७. कार्डांची पट्टी ९ बाय ५. पुन्हा सांगते : रुंदी सगळ्यांची ९, उंची साडेचार, साडेचार, सात आणि पाच. चारही बाजूंना अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेर राहणारं कापड, यातच धरली आहे. ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमध्ये अशी तीन पाकिटं आरामात निघतात.

कापून झाल्यावर आतले तिन्ही तुकडे, म्हणजे अस्तर, नोटांचा कप्पा आणि कार्डांची पट्टी, रुंदीत एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, कमी करा. पाकीट मिटल्यावर आतल्या कापडाला वळायला जागा कमी मिळते, बाहेरच्याला जास्त लागते. सगळे तुकडे सारखे ठेवले तर आत चुण्या पडतात आणि पाकीट नीट मिटत नाही. दुकानातलं चांगलं शिवलेलं पाकीट उलगडून बघा, पुष्कळदा तिथंही आतली बाजू किंचित आखूड सापडेल.

बाहेरच्या कापडाला आतून चिकटणारं कॅनव्हास इस्त्रीनं लावा. शिंप्याला लागणाऱ्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. कॅनव्हास मायेत घालायचं नाही आणि अखंडही लावायचं नाही. त्याचे दोन तुकडे करा आणि मधोमध, पाकीट दुमडतं तिथं, पाव इंच जागा मोकळी सोडा. जीन्सला कॅनव्हासची गरज नाही.

सात इंची तुकडा उंचीत मधोमध दुमडा, उलटी बाजू आत, आणि कडक इस्त्री करा. तो साडेतीन इंचांचा झाला. पाच इंची पट्टी तशीच दुमडा, ती अडीच इंचांची झाली. दुमडीची कड वर आली, तीच कप्प्याची तोंडं. तिला वेगळी मुडप घालायला नको.

आता नीट ऐका, कारण हे पाकीट इथेच साधतं किंवा फसतं. कार्डांची पट्टी नोटांच्या कप्प्यावर ठेवा, खालच्या कडा जुळवा, आणि मधोमध वरून खाली टीप घाला. ही टीप फक्त या दोन तुकड्यांतून जायला हवी. अस्तर अजून जोडायचंच नाही. जोडलं तर टीप अस्तरातूनही जाईल, अस्तर आणि कप्पा यांच्यामधल्या नोटांच्या जागेचे दोन भाग होतील आणि नोट आडवी मावणार नाही. एकाऐवजी पाव इंच अंतरानं दोन समांतर टिपा घातल्या तर पाकीट तिथं आपोआप मिटतं. वरच्या टोकाला टीप मागे-पुढे करून पक्की करा. कार्ड काढता-घालताना सगळा ताण त्याच ठिकाणी येतो.

मग रचना. खाली अस्तर, सुलटी बाजू वर. त्यावर कार्डांच्या पट्टीसकट नोटांचा कप्पा, कार्डं वरच्या बाजूला. सगळ्यात वर बाहेरचं कापड, सुलटी बाजू खाली. बाजूच्या आणि खालच्या कडा जुळवून कच्चे टाके घाला. बाहेरचं कापड मध्ये थोडं फुगलेलं दिसेल, ते तसंच असायला हवं. चारही बाजूंनी अर्धा इंच आत टीप घाला आणि वरच्या कडेला मधोमध तीन इंच उघडं ठेवा. वरच्या बाजूला दोनच थर आहेत, खाली मात्र सहा. सहा थरांवर पाय जोरात मारू नका. चाक हातानं फिरवून टाका टाका पुढे न्या. सुई १४ नंबरची, जीन्सला १६.

मशीन नसलं तरी काम अडत नाही. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोला हातानं टाके घालताना दमलेलं पाहून सिंगरनं ते प्रेमापोटी केलं, असं त्यांनी सांगितलं. ज्यांची नोट आपण या पाकिटात ठेवणार, त्यांचंच हे मत. तरीही एवढ्याशा पाकिटाला हात पुरतात. दोरा दुहेरी घ्या, हातभरापेक्षा लांब नको, आणि मेणबत्तीवरून ओढून घ्या. टाका उलट्या टिपेचा घाला, म्हणजे प्रत्येक वेळी अर्धा टाका मागे येऊन पुढे जायचं. नुसता धावदोरा कार्डांच्या ओढीनं सुटत जातो.

हातानं शिवलेलं किती टिकतं याची शंका असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना चंचीबद्दल विचारा. आमच्या आजोळी एक आहे. उभी, लांबट, वेगवेगळ्या चिंध्या जोडून केलेली, आत एकावर एक कप्पे : पानाचा, सुपारीचा, कातचुन्याचा, आणि सगळ्यात आतला पैशाचा. गुंडाळायची, नाडीचे दोन वेढे द्यायचे आणि कमरेला खोचायची. तिचे टाके जवळून बघितले तर प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी दोरा तीनदा फिरवलेला दिसतो. ज्या बाईनं ती शिवली तिला ताण कुठं येतो हे पक्कं माहीत होतं. तीच जागा मी मघाशी मागे-पुढे टीप घालून पक्की करायला सांगितली.

पाकीट उलटायच्या आधी चारही कोपऱ्यांची माया तिरकी कापा, टिपेपासून एक सूत लांब राहून. उघड्या जागेतून पाकीट हळूहळू सुलटं करा. कोपरे कात्रीच्या टोकानं ढकलू नका, कापड फाटतं. मागच्या बाजूनं पेन्सिल वापरा. इस्त्री करा आणि वरच्या कडेला कडेलगत टीप घाला, त्यातच उघडी जागा मिटते. इस्त्री प्रत्येक टप्प्याला लागते. शेवटी एकदाच केलेल्या इस्त्रीनं मधल्या घड्या सरळ होत नाहीत.

बंद करायला बटण हवंच असं नाही. लावायचं असेल तर टिचबटण लावा, त्याच्याखाली कापडाचा एक जास्तीचा तुकडा घालून, नाहीतर ते उपटून येताना कापडही घेऊन येतं. नाण्यांचा कप्पा मी मुद्दाम सांगितलेला नाही. नाण्यांच्या वजनानं कापडी पाकीट लोंबतं, नाण्यांना बटवाच बरा.

पाकीट मळलं की रिकामं करून साबणाच्या कोमट पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. पहिल्यांदा झिजतात ते खालचे दोन कोपरे. तिथं कापड पातळ दिसू लागलं की भोक पडायची वाट न पाहता त्याच कापडाची तिकोनी ठिगळं लावा. त्यासाठी ब्लाउजपीसचा उरलेला तुकडा जपून ठेवा.

नमस्कार.