वकील व्हायचंय, मग अकरावीत काय घ्यायचं?

(दृश्य: दर्यापूरकडे जाणारी सकाळची एसटी, दोन्ही बाजूला वखरून ठेवलेली काळी वावरं)

जून लागला की इकडं दोनच गोष्टी बोलल्या जातात, पाऊस कधी येते अन् पोरगं कुठं टाकाचं. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं, म्हणून सगळं पावसावर. ह्या घरात पण तेच चालू आहे, बियाणं आणून ठेवलंय आणि दहावीची मार्कशीट देवाच्या फोटोजवळ, 71 टक्के. पोरगीला वकील व्हायचंय, आणि दोन आठवडे झाले एकाच गोष्टीवर गाडी अडलीय की मग घ्यायचं काय, सायन्स का आर्ट्स.

मामा फोनवर सांगतात, "सायन्स घे व, सायन्सवाल्याले समदे रस्ते मोकळे रायते." शेजारचे काका म्हणतात आर्ट्स कायले, तिथं त कमी मार्कवाले जाते. बाबा काहीच बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपण चुकीचं बोललो तर पोरीचं आयुष्य बिघडन.

तर पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकू. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला कोणतीही शाखा चालते, आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, काहीही. बारावीत ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42 आणि एससी-एसटीला 40 टक्के लागतात, मग सीईटी, म्हणजे लॉची प्रवेश परीक्षा द्यायची. पदवी करून मग तीन वर्षांचं लॉ, तोही रस्ता आहेच. म्हणजे सायन्स नाही घेतलं तर दार बंद, असं काहीच नाही. इथूनच जवळ अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई कॉमर्स करून मग लॉला गेले आणि 14 मे 2025 ला भारताचे सरन्यायाधीश झाले. अन् याच जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख, शेतकऱ्याचं पोरगं, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डला अभ्यास कशाचा केला तर वेदवाङ्मयातल्या धर्माचा.

(दृश्य: लोखंडी पेटी उघडते, घडीवर फाटायला आलेला एक स्टॅम्प पेपर)

पण ह्या पोरीच्या डोक्यात वकिली आली ती कोणाचा फोटो पाहून नाही आली, ह्या कागदातून आली. हे हक्कसोडपत्र आहे, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, तिच्या आईचं. आजोबा गेले, आजी त्याच्या आधीच गेली होती, मागं दोन भाऊ अन् एक बहीण, जमीन 2 हेक्टर 40 आर. तिघांत सारखे भाग केले तर प्रत्येकी 80 आर, म्हणजे जवळपास दोन एकर. 2005 ला कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत पोरीला पोराइतकाच हक्क मिळाला, पण भावानं बोलावलं, बहीण रजिस्ट्री ऑफिसात गेली, सही केली आणि साडी घेऊन घरी आली. कोणी जबरदस्ती केली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. आई आजही म्हणते, "भावाले नाई कशी म्हणू?" तिला काय वाटलं ते मी समजू शकतो, पण त्या कागदात काय लिहिलंय हे सही करताना तिला कोणी वाचून दाखवलं नाही, हे मला अजूनही सहन होत नाही.

पोरगी आठवीत होती तेव्हा तिनं हा कागद पहिल्यांदा वाचला. अर्धा समजला नाही. हितसंबंध म्हणजे काय, बोजा म्हणजे काय, वारस, दावा, हरकत, सगळं मराठीच पण आपल्या बोलण्यातलं नाही, यातले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेले, 'वकील' हा शब्दसुद्धा. ती एकेक शब्द वहीत लिहून शाळेत सरांना विचारायची.

मला विचाराल तर तिचा लॉचा अभ्यास तिथंच सुरू झालाय. कलमं पाठ करायची गरज आता नाही, ती कॉलेजात शिकवतात आणि बदलतात पण, 1 जुलै 2024 ला गुन्ह्यांचा जुना कायदा आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली तेव्हा वीस-वीस वर्षं प्रॅक्टिस केलेले वकील परत नवे आकडे शिकले. कागद नीट वाचता येणं आणि वाचलेलं सरळ लिहिता येणं, ही सवय मात्र ह्याच वयात लागते. म्हणून मराठी हलकी समजू नका, तालुका कोर्टात अर्ज, जबाब, साक्ष मराठीतच चालते. आणि इंग्रजी सोडू नका, कारण घटनेच्या कलम 348 प्रमाणे हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचं काम इंग्रजीत, नागपूर खंडपीठात गेलं की निकालपत्र इंग्रजीतच हाती पडते. सीईटीचा पेपर मराठीतून पण देता येतो, नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीसाठीची क्लॅट मात्र इंग्रजीतच, मोठमोठे उतारे वाचून उत्तरं द्यायची.

बाकी विषयांचं म्हणाल तर राज्यशास्त्रात घटना येते, ते घ्याच. अर्थशास्त्र चांगलं. कॉमर्सवाल्यांना पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती पुढं चेक बाउन्स अन् कंपनीच्या केसेसमध्ये कामी येते, सायन्सवाल्याला पोस्टमॉर्टेम रिपोर्ट वाचायला सोपा जातो. गणित तर आत्ताच पाहिलं ना, 2 हेक्टर 40 आर भागिले तीन. तर्कशास्त्र लॉसाठी फार कामाचं, पण ह्या पोरीच्या आवाक्यातल्या कॉलेजात ते शिकवतच नाहीत, आणि अमरावतीला रूम करून राहणं घरच्यांना झेपत नाही. गावाकडं विषय असाही ठरतो, एसटी कुठवर जाते त्याच्यावर.

(दृश्य: मोबाईलवर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म, ओट्यावर बसलेलं घर)

फॉर्म भरला. आर्ट्स. मराठी, इंग्रजी, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल. बाबांनी एकदाच विचारलं, "तुले वाचाले आवडते न हे?" ती म्हणाली हो. मग त्यांनी मान हलवली आणि वावराकडं निघाले.

रात्री जेवणं झाल्यावर पोरीनं पेटीतला कागद काढला, आईला जवळ बसवलं, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, आणि जिथं आई थांब म्हणेल तिथं थांबून अर्थ सांगत गेली. दोन पानं वाचायला एक तास लागला.