समुद्रतळावरची मनीऑर्डर

श्रोतेहो, नमस्कार. परदेशात राबणारे घरी जो पैसा धाडतात, त्यात पहिला नंबर भारताचा. वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर. पण एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत तो जेमतेम ३-४ टक्के. म्हणून रक्कम नको, वाटा बघा. पुन्हा सांगतो: रक्कम नको, वाटा बघा. ताजिकिस्तानात हा पैसा, तोही मुख्यतः रशियातून आलेला, काही वर्षी देशाच्या उत्पादनाच्या निम्म्याच्या घरात गेला. आणि टोंगात साधारण ४० टक्के.

टोंगाचं तर ऐकाच. प्रशांत महासागरातली बेटं, वस्ती लाखभर. कमावती माणसं न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत. १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्सुनामी आली आणि फिजीकडे जाणारी, समुद्रतळावरून फोन-इंटरनेट वाहून नेणारी केबल तुटली. बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच केबल, ८२७ किलोमीटरची.

आता पैसा येतो कसा? ऑकलंडमध्ये मुलगा काउंटरवर पैसे भरतो, त्याला एक नंबर मिळतो. तो नंबर फोनवर आईला कळवतो. आई ओळखपत्र घेऊन बेटावरच्या काउंटरवर जाते. तिथला माणूस नंबर टाकतो, पलीकडून होकार येतो, मग गल्ला उघडतो. म्हणजे नोटा समुद्र ओलांडतच नाहीत, त्या बेटावरच असतात. समुद्र ओलांडतो तो निरोप. केबल तुटली, की नंबर कळवायला फोन नाही आणि होकार यायला वाट नाही. दारात राख, पैशाची निकड कधी नव्हे एवढी, गल्ल्यात नोटाही आहेत. पण त्या कुणाच्या हातात ठेवायच्या, ते सांगणारं कुणी नाही! उपग्रहावरून मिळाली ती तुटपुंजी जोडणी. केबल चालू झाली २२ फेब्रुवारीला, ३८ दिवसांनी. बरं, हीच केबल २०१९ च्या जानेवारीतही तुटली होती आणि तेव्हाही जवळपास दोन आठवडे देश असाच अडकला होता. तरी दुसरी केबल नव्हतीच.

हा पैसा ‘घरखर्चात उडतो’ म्हणून नाकं मुरडणारे असतात. मुलीची फी हा खर्च की गुंतवणूक, एवढं त्यांनी आधी ठरवावं. असो.

धाडायचा खर्च. २०० डॉलरमागे जगाची सरासरी ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे १२ डॉलर तरी गेले. २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. ‘शुल्क शून्य’ दिसलं की चलन बदलायचा दर तपासा; कमिशन त्या दरातच लपवलेलं असतं. त्या दिवशीचा बाजारातला दर आणि तुम्हाला देऊ केलेला दर शेजारी लिहा, फरकाला रकमेने गुणा, त्यात शुल्क मिळवा. हाच खरा खर्च. शुल्क नव्हे, शुल्क अधिक दरातला फरक.

आणि घेणाऱ्याचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी काउंटरवर पैसे अडतात, आणि मग नावाची दुरुस्ती धाडणाऱ्यालाच करून द्यावी लागते.