नुसतं बघायला आलोय
(पुण्यात चित्ररसिकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी जरा हात वर करा. बालगंधर्वच्या कलादालनात कोण कोण गेलंय? जवळपास सगळेच. शनिवार पेठेतल्या सुदर्शन कलादालनात? निम्मे तरी आहेत. घोले रोडच्या राजा रवी वर्मा दालनात? बरं. आता शेवटचं. चित्रं विकणं हाच जिचा धंदा आहे आणि तो पन्नास-साठ वर्षं चाललाय, अशा गॅलरीत किती जणांनी पाय ठेवलाय? चार हात. त्यातले दोन माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे, ते मोजत नाही.

आपली सवय भाड्याच्या दालनांची. चित्रकार भाडं भरतो, आदल्या रात्री स्टुलावर चढून स्वतःच चित्रं टांगतो आणि मग चार-पाच दिवस दाराशी टेबल टाकून बसतो. टेबलावर अभिप्रायाची वही. मीही दोनदा बसलोय. मेहुणा येतो, शाळेतले सहकारी येतात, ‘अप्रतिम!’ लिहून जातात. चित्रकार डोळ्यांसमोर बसलेला असताना ‘तुमचं हे निळं जरा फसलंय’ असं पुणेकरसुद्धा लिहीत नाही. शिवाय त्या दालनात पुढच्या आठवड्यात काय लागणार, हे पुष्कळदा तारीख कोणाला मिळाली यावर ठरतं.

धंदा करणारी गॅलरी भाडं घेत नाही. ती माणूस निवडते, भिंती, छपाई, दिवे आणि विमा यांचा खर्च साधारणपणे स्वतः करते आणि चित्र विकलं गेलं तर किमतीतला वाटा ठेवते. हा वाटा बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास असतो. ‘निम्मा?’ म्हणून पुढच्या रांगेतले काका चमकले. मीही चमकलो होतो. पण विकलं नाही तर तिचे पैसे गेले. तुम्ही आत शिरता तेव्हा समोरच्या चित्रावर कोणीतरी आधीच स्वतःची पुंजी लावलेली असते. ‘हे बरं आहे’ असं तोंडाने म्हणणं फुकट असतं. भिंत देऊन म्हणायला पैसे पडतात. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्यापुरतंच आहे.

यातलं जुनं घर पाहायचं तर मुंबईला जावं लागतं. मी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरतो. साडेदहाच्या आसपास सीएसएमटी, तिथून चालत फोर्टात प्रेस्कॉट रोड, क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला. केमोल्ड ही गॅलरी. तिसरा मजला म्हणजे फुटपाथवर काचेची शोकेस नाही, जाता-येता सहज डोकावण्याची सोय नाही. घर शोधत आल्यासारखं यावं लागतं.

या नावाची गंमत सांगतो. केमोल्ड म्हणजे केमिकल मोल्डिंग. केकू गांधी, महात्म्यांचे कोणी नव्हेत, हे पारशी, यांनी 1941 साली तसबिरींच्या चौकटी करण्याचा कारखाना काढला. आपल्या तुळशीबागेत देवांच्या तसबिरी मढवून मिळतात ना, त्याच जातीचा धंदा. प्रिन्सेस स्ट्रीटवर त्यांचं दुकान होतं. चौकट दाखवायची तर तिच्यात काहीतरी घालायला हवं. रिकामी चौकट कोण घेणार? तेव्हा त्या खिडकीत तरुण चित्रकारांची कामं लागू लागली. हुसेन, आरा, हेब्बर यांची. विकायची होती चौकट, आणि लोक थांबायला लागले चित्रापाशी. पुढे 1963 साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड ही गॅलरी काढली. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ काली पंडोल यांचीही गॅलरी सुरू झाली. जहांगीर स्वतः 1952 ची, पण ती भाड्याची, म्हणजे आपल्या बालगंधर्वच्या जातीची. एकाच इमारतीत खाली भाड्याचं दालन आणि वर निवड करणारं दुकान, असं 44 वर्षं चाललं. 2007 मध्ये केकू आणि खोर्शेद यांची मुलगी शिरीन यांनी केमोल्ड प्रेस्कॉट रोडला नेली.

जुनी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. अतुल डोडियांचं पहिलं एकल प्रदर्शन केमोल्डमध्ये झालं, 1989 साली. आज त्यांचं नाव जगभर आहे, त्या वेळी ते तिशीत होते. त्यानंतरच्या काळात त्यांनी दुकानांच्या लोखंडी शटरांवर चित्रं केली. ‘महालक्ष्मी’ नावाचं 2002 चं काम आहे. शटर खाली असतं तेव्हा त्यावर लक्ष्मी. अगदी आपल्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराच्या मनातली. शटर वर केलं की आत गळफास घेतलेल्या बहिणी, हुंड्यापायी गेलेल्या. मुंबईच्या गल्लीतलं दुकान उचलून चित्र केलंय, आणि ते विकायचंय कुठे, तर दुकानात. असलं काम दिवाणखान्यात कोण लावणार? तरी कोणीतरी ते भिंतीवर घेतलं पाहिजे, सांभाळलं पाहिजे, दहा वर्षं थांबायची तयारी ठेवली पाहिजे. हे मेहुण्याच्या ‘अप्रतिम’ने होत नाही.

आता भीतीचं बोलू. ‘आत गेलो तर घ्यायला लावतील’ ही आपली मध्यमवर्गीय भीती. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका गॅलरीत मी पहिल्यांदा शिरलो, तेव्हा टेबलामागच्या मुलीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला. पेठेतला दुकानदार निदान ‘काय पाहिजे?’ असं खेकसून तरी विचारतो! पुढे उमगलं, की तो माझा फायदा होता. तिकीट नाही, वही नाही, तासभर एकाच चित्रासमोर उभे राहा, कोणी हटकत नाही. ‘नुसतं बघायला आलोय’ हे वाक्य जिथे मुळी उच्चारावंच लागत नाही, असं दुकान आपल्या गावात मला दाखवा.

भिंतीवर किंमत नसते. शेजारी छोटी पट्टी असते, तिच्यावर नाव, साल, माध्यम, माप. यादी टेबलावर, मागितली की देतात. जरूर मागा. मागण्यात लाज कसली? विकलं गेलेल्याशेजारी बऱ्याच ठिकाणी लाल टिकली असते. ही यादी हाताशी ठेवून चित्रं पाहिलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल. एकाच चित्रकाराच्या एकाच मापाच्या चित्रांची किंमत बहुधा सारखी असते. मोठं चित्र महाग, लहान स्वस्त. कुठलं जमलंय आणि कुठलं नुसतं पुरं झालंय, हे यादीला कळत नाही. ते तुम्हाला कळलं, तर त्याच पैशात सगळ्यांत चांगलं चित्र तुमचं. मी विद्यार्थ्यांना न्यायचो तेव्हा हाच खेळ लावायचो. आधी मनात टिकल्या लावा, मग खऱ्या टिकल्या पाहा. आमच्या टिकल्या क्वचितच जुळायच्या, आणि खरी शिकवणी त्यावरच्या भांडणात व्हायची.

पेपरातल्या आकड्यांनी मात्र दबू नका. 2025 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनांचं ‘ग्राम यात्रा’ सुमारे 118 कोटींना गेलं. चित्र 1954 चं, हुसेन 2011 साली गेले. हा लिलावाचा बाजार वेगळा, तिथे जुना मालक नव्या मालकाला विकतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 53 अ मध्ये 10 हजारांवरच्या फेरविक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा आहे, जास्तीत जास्त 10 टक्के. पण चित्रकाराची चूल पेटते ती पहिल्या विक्रीवर, आणि पहिली विक्री गॅलरीत होते. म्हणून चांगली गॅलरी भाव सावकाश चढवते. एकदा चढवलेला उतरवला, तर ज्यांनी आधी घेतलं त्यांना काय तोंड दाखवणार?

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मघाशीच चिठ्ठी पाठवली आहे. ‘सर, तुम्ही स्वतः काही घेतलं का?’ घेतलं. एकदाच. कॅनव्हास माझ्या आवाक्यात कधीच नव्हता, एक छापचित्र घेतलं, म्हणजे ठशावरून मोजक्याच प्रती काढलेलं चित्र. खाली पेन्सिलीने 17/25 लिहिलेलं, म्हणजे पंचवीस प्रतींतली सतरावी, आणि सही. किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा थोडी जास्त, म्हणून तीन हप्त्यांत. हप्ते मी मागितले, त्यांनी लगेच मान्य केले. विचारलं नसतं तर चित्र तिथेच राहिलं असतं. मढवलं मात्र इथे, पुण्यात, माझ्या नेहमीच्या तसबिरीवाल्याकडे. काच बसवताना तो म्हणाला, ‘सर, सतरा नंबर कशाचा? सोळा अजून यायचे आहेत का?’

आता चहा झालाय असं दिसतंय.