तिरकी रेघ कुठे गेली?

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'शुश्रूषा व प्रसूती नोंदींचे संगणकीकरण : टप्पे आणि पद्धती' असं भारदस्त छापलंय. टप्प्यांकडे येतोच. त्याआधी एका कागदाबद्दल बोलू द्या. समोरच्या रांगेतल्या लेबर रूमच्या सिस्टर्सना तो पाठ आहे. संगणक विभागाची मंडळी मागे बसली आहेत, तिथून दार जवळ पडतं. त्यांच्यासाठी चार वाक्यं जास्त खर्च करतो.

हा कागद म्हणजे पार्टोग्राफ. बाई कळा देत असताना जे जे मोजायचं ते सगळं एका पानावर. वर बाळाचे ठोके, दर अर्ध्या तासाला एक ठिपका. खाली दोन बारीक ओळी, एक बाळाभोवतीच्या पाण्याची आणि एक मोल्डिंगची, म्हणजे बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर किती सरकली त्याची. मधोमध मुख्य आलेख: गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं तिथे फुली, डोकं किती खाली सरकलं तिथे गोल. त्याखाली दहा मिनिटांत कळा किती, तर तितक्या चौकटी भरायच्या. कळ 20 सेकंदांच्या आत असेल तर चौकटीत ठिपके, 20 ते 40 सेकंदांची असेल तर तिरक्या रेघा, 40 च्या वर असेल तर चौकट गच्च काळी. तळाला ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध), बाकीची औषधं, नाडी, बीपी, ताप, लघवी. बघणाऱ्याला एकही आकडा वाचावा लागत नाही. चौकटी काळ्या होत चालल्यात आणि फुल्या आडव्या चालल्यात, एवढं दिसलं की अनुभवी सिस्टर खुर्चीवरून उठते.

प्रसूतीचा असा आलेख फ्रीडमन यांनी 1954 मध्ये मांडला. 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, त्यावर दोन तिरक्या रेघा ओढल्या. पहिली अलर्ट रेघ, ताशी 1 सेंटिमीटर या गतीची. तिच्या उजवीकडे 4 तासांवर समांतर ॲक्शन रेघ. हे 4 तास कशासाठी? लांबच्या केंद्रातल्या सुईणीने अलर्ट रेघ ओलांडताच बाईला हलवायचं, म्हणजे ॲक्शन रेघ येईपर्यंत ती मोठ्या रुग्णालयात पोचलेली असेल. दोन रेघांमधल्या त्या पट्ट्यात रस्ता आहे, गाडी आहे, वाट बघणं आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियातल्या 35,484 बायकांवर हा कागद वापरून बघितला. निष्कर्ष 1994 मध्ये छापून आले: लांबलेल्या प्रसूतींचं प्रमाण 6.4 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आलं. एका छापील पानाची ही कामगिरी.

आता हे पान संगणकावर आणतात तेव्हा काय होतं ते बघा. पडद्यावर एक फॉर्म उघडतो. सर्विक्स, म्हणजे गर्भाशयाचं तोंड: एक चौकोन. एफएचएस, म्हणजे बाळाचे ठोके: दुसरा चौकोन. खाली 'सेव्ह'. आलेख आहे का? आहे की! वरच्या पट्टीत तिसरा टॅब, मग 'ग्राफ', मग तारीख निवडा. सकाळी 10 ला 4 सेंटिमीटर, दुपारी 2 ला 6. तक्त्यात एकाखाली एक वाचलं की वाटतं, चाललंय ठीक, चाराचे सहा झाले. कागदावर तीच दुसरी फुली अलर्ट रेघेच्या 2 तास उजवीकडे पडलेली असते, कारण 2 वाजता 8 सेंटिमीटर अपेक्षित होते. आकडे तेच, नोंद अचूक, आणि धोका नजरेआड. हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे, नेहमीच्या श्रोत्यांनी क्षमा करावी.

मागच्या रांगेतून हात वर झालाय. बरोबर, ती तिरकी रेघ आता जागतिक आरोग्य संघटनेनेच काढून टाकलीय. 2020 च्या लेबर केअर गाइडमध्ये, म्हणजे पार्टोग्राफच्या नव्या अवतारात, प्रसूतीची सक्रिय अवस्था 5 सेंटिमीटरपासून धरतात आणि प्रत्येक सेंटिमीटरवर पुढे न सरकता किती तास चालतील याची वेगळी मर्यादा दिलीय: 5 वर 6 तास, 6 वर 5, 7 वर 3, 8 वर अडीच, 9 वर 2. कारण सगळ्या बायका ताशी 1 सेंटिमीटरने उघडत नाहीत. पण त्या गाइडचा कागद नीट बघा. प्रत्येक ओळीच्या डावीकडे 'अलर्ट' असा कॉलम छापलाय, आणि मर्यादेबाहेरच्या आकड्याभोवती गोल करायचा असतो. म्हणजे रेघ गेली तरी डोळ्याला टोचणारी खूण त्यांनी ठेवलीच. आणि खरं सांगायचं तर '7 वर किती तास झाले' ही मोजणी माणसापेक्षा संगणकाला चांगली जमेल. पहाटे 4 वाजता तो जांभई देत नाही. फक्त एक अट आहे. तपासणी नेमकी किती वाजता झाली, हे त्याला कळायला हवं.

आणि इथेच गाडी अडते. नोंदीला वेळा दोन असतात, घडल्याची आणि लिहिल्याची. कागदावर सिस्टर '2.10' असं हाताने लिहिते, मग लिहायला साडेतीन का होईनात. संगणक मात्र बटण दाबलं त्या क्षणाचा शिक्का मारतो. आता रात्र धरा. 2.10 ला ऑक्सिटोसिनची ड्रिप सुरू झाली. 2.40 ला बाळाचे ठोके 100 पर्यंत घसरले. ड्रिप बंद, बाई डाव्या कुशीवर, डॉक्टरांना फोन, धावपळ. ठोक्यांची नोंद 2.45 ला झाली, कारण ती तातडीची. ड्रिपची नोंद सगळं निवल्यावर 3.40 ला. सकाळी छापलेल्या कागदावर दिसतं काय? ठोके आधी पडले आणि त्यानंतर तासाभराने कुणीतरी ड्रिप लावली! चौकशी समितीसमोर ती सिस्टर काय सांगणार? म्हणून घडल्याची वेळ हा वेगळा रकाना हवा, सिस्टरला बदलता येईल असा. लिहिल्याची वेळ मागे आपोआप साठावी, तिला कुणी हात लावू नये. पडद्यावरचा क्रम पहिल्या वेळेनुसार. एवढं एक जरी करारात लिहून घेतलंत तरी माझं इथे येणं वसूल.

भिंतीवरचं घड्याळ, बाळाच्या ठोक्यांचं मशीन आणि संगणक, या तिघांच्या वेळा एकमेकींशी जुळतात का तेही एकदा बघा. तिघांत पाच-सात मिनिटांचं अंतर असेल तर जन्मवेळ कुठली लिहायची? पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा ॲपगार, म्हणजे बाळाच्या तब्येतीचे गुण, मग कुठून मोजायचा?

मी कागदाची आरती ओवाळत नाहीये. कागद बेमालूम खोटं बोलतो. ताप-नाडी-श्वासाचा कुठलाही टीपीआर चार्ट उघडा: अख्ख्या वॉर्डाची श्वसनगती 18. दम्याची बाई 18, सिझरची बाई 18, डिस्चार्ज होऊन घरी गेलेलीसुद्धा 18. (हशा) हसू नका, संगणकावर हेच आणखी सोपं होतं. 'मागची नोंद कॉपी करा' हे बटण ज्याने बनवलं त्याने एक रात्र लेबर रूममध्ये काढावी.

दुसरी खोड आठवड्यांची. आपण '36 आठवडे 6 दिवस' लिहितो, बोलताना 'छत्तीस पॉइंट सहा' म्हणतो. संगणकाला दशांश वाटतो. रकाना दशांशाचा असेल तर 36.6 चा अर्थ 36 आठवडे आणि 4 दिवस. अहवालात पूर्णांक केला की 37. म्हणजे 37 आठवड्यांआधी, मुदतपूर्व जन्मलेलं बाळ कागदोपत्री पूर्ण दिवसांचं झालं. उपाय साधा आहे: आत दिवस साठवा, 36 आठवडे 6 दिवस म्हणजे 258, 37 आठवडे म्हणजे 259. पडद्यावर आठवडे आणि दिवसांचे दोन रकाने, दुसऱ्यात 6 च्या पुढचा आकडा घेऊच नका. आणि दिवस पाळीच्या तारखेवरून धरले की पहिल्या सोनोग्राफीवरून, तेही शेजारी दिसू द्या. वजनाचीही तीच गत. एकजण 2.8 लिहिते, दुसरी 2800. बाळाच्या औषधाचा डोस वजनावरून निघतो, तेव्हा एककाची निवड माणसावर सोडू नका. रकाना फक्त ग्रॅमचा ठेवा.

तिसरी खोड रिकाम्या जागेची. कागदावर ॲलर्जीची जागा कोरी असली की कळतं, विचारायचं राहिलंय. संगणकात तिथे आधीच 'नाही' निवडून ठेवलेलं असतं, फॉर्म अडू नये म्हणून. 'ॲलर्जी नाही', 'माहीत नाही' आणि 'विचारलं नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही ठेवा, आणि सुरुवातीला त्यातलं एकही निवडलेलं नको.

आता बाळ. हा एकच असा रुग्ण आहे जो केसपेपर न काढता दाखल होतो. तो जन्मला, रडत नाही, आणि संगणक म्हणतो: आधी नोंदणी करा, नाव अनिवार्य. मग कुणीतरी आईच्याच नोंदीत बाळाचे ठोके टाकतं. पुढे आईची नाडी 160 बघून मेडिसिनचे डॉक्टर धावत येतात. यावर उपाय असा: आई लेबर रूममध्ये आली की बाळासाठी क्रमांक आधीच राखून ठेवायचा, जुळी असतील तर दोन, आणि मनगटपट्ट्या छापून तयार. नाव नंतर बदललं तरी क्रमांक तोच राहिला पाहिजे. आईची आणि बाळाची नोंद एकमेकींना जोडलेली हवी. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह, तर आईला अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत. ही गोष्ट दोन नोंदी शेजारी आल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे छापील विषय आता सुरू होतोय.

तर टप्पे, धावत. पहिलं, फॉर्म बनवण्याआधी चालू कागद गोळा करा, भरलेले, कोरे नव्हे. समासात काय लिहिलंय, कुठला रकाना कधीच भरला जात नाही, कुठे चिठ्ठी टाचलीय. समासातलं बहुतेक सगळं कामाचं असतं, आणि न भरलेले रकाने संगणकात नेऊ नका. कुठला रकाना कोण वाचतं ते विचारा. उत्तर 'कुणी नाही' असेल तर तो काढा.

दुसरं, सुरुवात एकाच वॉर्डापासून करा असा सल्ला मिळतो. प्रसूतीत तो चालत नाही. बाई काही तासांत लेबर रूममधून प्रसूतीनंतरच्या वॉर्डात जाते. तिकडे कागद आणि इकडे संगणक असेल तर मधे उभं राहून कुणीतरी नक्कल उतरवणार, आणि नकलेत चुका होणारच. बाई जिथून जिथे जाते ती अख्खी वाट एकदम बदला, बाळांच्या कक्षासकट.

तिसरं, बदलाच्या दिवशी ज्या बायका आधीच दाखल आहेत त्यांचं सगळं उतरवायला बसू नका. ओळख, ॲलर्जी, रक्तगट, आठवडे, आधीच्या खेपा, चालू औषधं आणि प्रत्येक औषधाच्या शेवटच्या डोसची वेळ, एवढंच. ती शेवटची वेळ विसरू नका. झटक्यांच्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट स्नायूतून चालू असतं, दर 4 तासांनी 5 ग्रॅम. शेवटचा डोस 6 चा की 8 चा, हे हुकलं तर एक डोस दुप्पट पडतो किंवा गळतो. शिवाय प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर हलकं ठोकलं की पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान 16 आहे का, लघवी तासाला किमान 30 मिली आहे का, हे बघायचं असतं. या तीन नोंदी डोसच्या बटणाशेजारी हव्यात, दुसऱ्या टॅबमध्ये नकोत.

चौथं, कागद आणि संगणक दोन्हीवर लिहिणं. करा, पण कागद बंद होण्याची तारीख आधी जाहीर करा. तारीख नसली की कागद खरा राहतो आणि संगणक ड्यूटी संपताना भरायचा गृहपाठ होतो. जाणकार सिस्टर प्रत्येक पाळीत हवी, रात्रपाळीत आधी. लॉगिनला अर्धं मिनिट लागत असेल तर सगळा वॉर्ड एकाच नावाने लिहिणार, दोष सिस्टरना देऊ नका. कार्ड टेकवलं की उघडेल असं करा. ओल्या हातमोज्याने स्क्रीन दाबली जाते का, ते लेबर रूममध्ये हातमोजे घालूनच तपासा.

पाचवं, सूचनांचा भडिमार. पडदा दर मिनिटाला लाल झाला की तो लाल दिसेनासा होतो. थांबवून विचारणाऱ्या सूचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठेवा. बाकीचं नुसतं रंगाने दाखवा.

सहावं, यंत्रणा बंद पडणार. वीज जाईल, सर्व्हर झोपेल, सुधारणा करायला कुणी रविवारची पहाट निवडेल. लेबर रूममधल्या प्रत्येक बाईचा सारांश ठरावीक तासांनी एका वेगळ्या संगणकावर उतरत राहिला पाहिजे, नेटवर्कविना छापता येईल असा. आणि वॉर्डात एक पेटी: कोरे पार्टोग्राफ, औषधांचे तक्ते, आधी क्रमांक छापलेल्या बाळांच्या पट्ट्या. यंत्रणा परतल्यावर काय टाइप करायचं ते आधीच ठरलेलं असावं: जन्म, औषधं, रक्तस्राव, दिलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी, घडल्याच्या वेळेसह. उरलेलं स्कॅन करून जोडा. ती पेटी दर महिन्याला उघडून बघण्याचं काम एका सिस्टरच्या नावावर लिहा. पेन पेटीला दोरीने बांधा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ते राउंडला निघून जातं.