वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी चामडे निवडताना

मंडळी, वस्तऱ्याला धार सहाणेवर लागते, पण ती टिकते चामड्याच्या पट्ट्यावर. पात्याची कड इतकी पातळ असते की एका दाढीतच ती जागोजागी किंचित वाकते, आणि पाठ पुढे व धार मागे ठेवून पाते पट्ट्यावरून ओढले की ती पुन्हा सरळ होते. घरी पट्टा करू पाहणारे मला बहुधा ‘कोणत्या जनावराचे चामडे घेऊ?’ असे विचारतात. मी त्यांना सांगतो की, आधी ते कशाने कमावले आहे ते विचारा.

बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे घट्ट असते आणि सहसा ताणत नाही. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे बहुधा मऊ आणि लवचीक असते. पिशव्यांना आणि जाकिटांना ते उत्तम, पण पट्ट्याला तोच गुण मारक ठरतो. पात्याखाली ते दबते, पाते सरकताच मागून वर येते आणि धारेला लपेटते. त्यामुळे धार हळूहळू गोलसर होते. माझा पहिला पट्टा एका जुन्या पिशवीच्या चामड्याचा होता. आठवडाभर मी त्यावर रोज पाते फिरवले, ते रोज अधिकच बोथट होत गेले, आणि मी मात्र सहाणेलाच दोष देत राहिलो.

दुकानात पारख करायची असेल तर आधी तुकड्याचा काप पाहावा. वनस्पतींनी कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमच्या चामड्याचा गाभा पुष्कळदा निळसर करडा असतो. मग केसांकडच्या गुळगुळीत बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो पाहता पाहता मुरला आणि तिथे गडद डाग उमटला, तर पृष्ठभाग उघडा आहे असे समजावे. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला, तर वर रंगाचा किंवा मेणाचा थर असण्याची शक्यता मोठी. अशा थरावर पाते नुसते घसरते, आणि पट्ट्याला जी हलकी ओढ हवी ती मिळत नाही.

कोल्हापुरी चपलांचे चामडे परंपरेने वनस्पतींनीच कमावलेले असते, म्हणून तिकडच्या कारागिरांकडे चौकशी करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. म्हशीच्या चामड्याचा दाणा जाडसर असतो. तरी तो सगळीकडे सारखा असेल, तर ते खुशाल घ्यावे. ओरखडा, गोचिडीचा डाग किंवा सुरी लागल्याची खूण असलेला तुकडा मात्र स्वस्त मिळाला तरी नाकारावा.

पोटाकडचे चामडे सैल असते. पाठीचे किंवा पुठ्ठ्याचे, म्हणजे जनावराच्या मागच्या भागाचे, मागावे. जाडी अडीच-तीन मिलिमीटर पुरते. रुंदी तीन इंच ठेवली की पाते आडवे मावते, आणि लांबी वीस इंचांच्या आसपास असावी. कापताना लांबी कण्याच्या दिशेने धरावी, कारण त्या दिशेने चामडे कमी ताणते आणि टांगून ओढलेला पट्टा मध्ये झोळ धरत नाही.