हॅल लॅबोरेटरी : अपुऱ्या जागेत मांडलेले खेळ

टोकियोतल्या इकेबुकुरो भागात सेइबूचे बहुमजली दुकान होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या संगणक विभागात काही तरुण दर आठवड्याला ठाण मांडून बसत, स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम तिथल्या यंत्रांवर चालवून पाहत आणि एकमेकांना दाखवत. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणारे सातोरू इवाता त्यांच्यापैकीच एक. या ओळखीपाळखीतूनच २१ फेब्रुवारी १९८० रोजी ‘हॅल लॅबोरेटरी’ ही कंपनी उभी राहिली. नावामागचा हिशेब इवाता यांनीच पुढे सांगितला आहे. इंग्रजी वर्णमालेत आय, बी आणि एम यांच्या प्रत्येकी एक घर आधी एच, ए आणि एल ही अक्षरे येतात, म्हणजे आपण आयबीएम या बलाढ्य संगणक कंपनीच्या एक पाऊल पुढे. शिकता शिकता तिथे अर्धवेळ काम करणारे इवाता १९८२ मध्ये पदवी हाती पडताच कायमचे रुजू झाले. वडिलांना हे मुळीच रुचले नाही आणि त्यांनी सहा महिने मुलाशी अबोला धरला.

जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे टीव्हीला जोडायचे खेळयंत्र बाजारात आले. त्याचा प्रोसेसर ६५०२ या चिपच्या घराण्यातला होता आणि तीच चिप असलेल्या कमोडोर पेट या संगणकावर रात्री जागवलेल्या इवाता यांना त्याची नाडी आधीपासूनच ठाऊक होती. निन्टेन्डोला गोल्फचा खेळ हवा होता. पण त्या काळच्या कार्ट्रिजमधील, म्हणजे खेळाच्या कॅसेटमधील, तुटपुंज्या मेमरीत १८ होलचे संपूर्ण मैदान बसवायला कोणी धजत नव्हते. इवाता यांनी ते काम अंगावर घेतले, मैदानांची माहिती दाबून लहान करण्याची स्वतःची पद्धत तयार केली आणि १९८४ मध्ये ‘गोल्फ’ १८ होलसकट पूर्ण केला.

त्यानंतरच्या ‘बलून फाइट’पाशी मात्र थोडे थांबायला हवे. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ती बहुतेक फॅमिकॉमचीच नक्कल होती, आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे सांगणाऱ्या त्या कॅसेटींतून हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी खेळला आहे. तो कोणी लिहिला, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नाही. पडद्यावरचा तो माणूस पुन्हा एकदा नीट पाहा. पाठीला दोन फुगे बांधलेला हा माणूस बटण दाबले की हात फडफडवत वर जातो आणि बटण सोडले तरी लगेच खाली पडत नाही, हवेत किंचित रेंगाळून मग सावकाश उतरू लागतो. पडद्यावरची सर्वांत लहान जागा म्हणजे एक ठिपका. माणसाचे स्थान केवळ पूर्ण ठिपक्यांत मोजले, तर त्याची चाल धक्के खात होते. इवाता यांनी ठिपक्याच्याही आतले अपूर्णांक जपून ठेवले. दुकानदार पैपैचा हिशेब वहीत मांडतो आणि गिऱ्हाइकाला मात्र पूर्ण रुपये सांगतो, तसाच हा प्रकार होता: गती आणि ओढ यांचे गणित अपूर्णांकांत चालायचे, पडद्यावर दिसायचा तो पूर्ण ठिपका. याच खेळाची आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरची) आवृत्ती करणाऱ्या एसआरडी या कंपनीचे तोशिहिको नाकागो यांना हॅलच्या आवृत्तीतील हालचाल आपल्यापेक्षा सफाईदार का, हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो सरळ इवाता यांनाच विचारला. इवाता यांनी हातचे काही न राखता सगळे समजावून सांगितले. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ पाण्यात पोहतो ते याच गणितावर.

नव्वदचे दशक उजाडले तेव्हा हॅलकडे मासाहिरो साकुराई नावाचा १९ वर्षांचा तरुण होता. नवख्या माणसालाही शेवटपर्यंत नेता येईल असा खेळ त्याच्या मनात होता. विकसनासाठी मिळालेल्या यंत्राला कीबोर्ड नव्हता, म्हणून ट्रॅकबॉल फिरवून पडद्यावरच्या अक्षरांतून एकेक आकडा निवडत त्याने काम केले. पात्राचे चित्र पक्के होईपर्यंत जागा भरण्यासाठी त्याने एक साधा गोल काढला होता. पाहता पाहता तोच गोल सर्वांना आवडला आणि कायम झाला; तोच पुढे ‘कर्बी’. साकुराई यांच्या मनातला कर्बी गुलाबी होता, निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो यांना तो पिवळा वाटत होता, आणि ज्यासाठी हा खेळ होता त्या गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातातल्या खेळयंत्राच्या पडद्यावर रंगच नसल्यामुळे हा मतभेद बराच काळ कोणाच्या लक्षातही आला नाही. ‘ट्विंकल पोपो’ या नावाने खेळाची जाहिरात झाली होती आणि आगाऊ मागणी २६,००० प्रतींची होती. ती सगळी मागणी रद्द करून, खेळावर पुन्हा हात फिरवून, तो निन्टेन्डोमार्फत आणण्याचा निर्णय झाला. २७ एप्रिल १९९२ रोजी निघालेल्या या पहिल्या ‘कर्बी’च्या पुढे ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

परंतु घर आतून पोखरले गेले होते. त्याच वर्षी कंपनी बुडण्याच्या बेतास आली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली धनकोंशी तडजोड करण्याची वेळ आली. निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी मदतीची तयारी दाखवली, पण इवाता यांनाच अध्यक्ष करा, ही अट घातली. १९९३ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी इवाता त्या खुर्चीत बसले तेव्हा डोक्यावर १५० कोटी येनचे कर्ज होते. ते त्यांनी दर वर्षी २५ कोटी याप्रमाणे सहा वर्षांत फेडले.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी आधी काय केले, हे मला कर्जफेडीच्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे वाटते. त्यांनी कंपनीतील प्रत्येक माणसाला समोर बसवून ऐकून घेतले. कोणाचे बोलणे वीस मिनिटांत आटोपे, कोणाचे तीन तास चाले. दुसऱ्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करण्याआधी तो पूर्ण वाचायचा, ही त्यांची सवय होती, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांनी तीच पाळली, असे मी मानतो.

लेखक शिगेसातो इतोई यांचा ‘मदर २’ हा खेळ वर्षानुवर्षे अडकून पडला होता. इवाता यांनी जाऊन तो पाहिला आणि दोन वाटा सांगितल्या: आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे लागतील, पहिल्यापासून लिहायचे तर सहा महिने. दुसरी वाट निवडली गेली. खेळ १९९४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला. ‘पोकेमॉन स्टेडियम’साठी गेम बॉयवरील झुंजींचा प्रोग्रॅम निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर न्यायचा होता, तो इवाता यांनी मूळ लेखन वाचून आठवड्याभरात उतरवून दिला. ते पोकेमॉन बनवणाऱ्या गेम फ्रीकचे कर्मचारी नव्हते, एका दुसऱ्याच कंपनीचे अध्यक्ष होते.

हॅलचे काम तोवर यामानाशी प्रांतातील र्यूओ गावी चालू झाले होते. तिथे शनिवार-रविवारी अध्यक्ष स्वतः प्रोग्रॅम लिहीत आणि साकुराई आराखडा व हालचाली आखत. अशा सुट्ट्यांतून चार जणांच्या झुंजीचा एक नमुना तयार झाला आणि त्याला गावावरूनच ‘र्यूओ’ हे नाव पडले. त्यात मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स या निन्टेन्डोच्या पात्रांना त्यांनी कंपनीची परवानगी न घेताच घातले आणि चालता खेळ दाखवून मग परवानगी मागितली. २१ जानेवारी १९९९ रोजी तो ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ म्हणून प्रसिद्ध झाला. कर्जही त्याच वर्षी फिटले.

इवाता २००० मध्ये निन्टेन्डोत गेले. पुढच्या वर्षी ‘स्मॅश’चा दुसरा भाग मुदतीत पुरा होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा नियोजन विभागाचा कारभार बाजूला ठेवून ते यामानाशीला परतले आणि चुका शोधत तिथल्या मंडळींबरोबर बसले. प्रोग्रॅमर म्हणून प्रत्यक्ष काम केले ते तेव्हा शेवटचे. मे २००२ मध्ये ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले आणि ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हॅलचे काम चालूच आहे. २०२२ मध्ये कर्बीची मुख्य मालिका प्रथमच पूर्णपणे त्रिमित जगात आली.

२०१७ मध्ये निन्टेन्डो स्विच हे नवे खेळयंत्र बाजारात आले तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुना खेळ दडवलेला होता. यंत्रावर ११ जुलै ही तारीख असताना, इवाता व्हिडिओतून प्रेक्षकांशी बोलताना दोन्ही हात जसे पुढे करत तसे हातातले कंट्रोलर पुढे केले की तो सुरू होई. नंतरच्या एका अद्ययावत आवृत्तीत तो काढून टाकला गेला. तो खेळ होता १९८४ चा ‘गोल्फ’, १८ होलसकट.