पांढऱ्या शहरातली लाल भिंत

(दृश्य : वॉशिंग्टन शहर. काचेच्या इमारतींच्या रांगेत एक लाल दर्शनी भिंत.)

वॉशिंग्टन म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा रंग येतो. कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, घुमट पांढरा, लिंकनचं स्मारक पांढरं, आणि व्हाइट हाउस तर नावापासूनच! तिथून उत्तरेला पंधराएक मिनिटं चाललं की एम स्ट्रीटवर, ऑफिसांच्या दाटीत, ही लाल विटांची इमारत समोर येते. मेट्रोपॉलिटन ए.एम.ई. चर्च, म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रोटेस्टंट ख्रिस्ती संप्रदाय. वास्तुरचनाकार जॉर्ज डिअरिंग, बांधून पूर्ण १८८६.

(दृश्य : कॅमेरा भिंतीवरून सावकाश वर सरकतो.)

मधोमध टोकदार कमानीची भलीमोठी खिडकी. तिच्या दोन्ही अंगांना विटांचेच धिरे, माथ्यावर टोकदार कळस. शैली गॉथिक, मूळची मध्ययुगातली, व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, पुन्हा लोकप्रिय झालेली. युरोपात ही शैली दगडात वाढली. दगड कोरता येतो, विटेवर मात्र छिन्नी फारशी चालत नाही. मग गवंडी काय करतो? एखादा थर बोटभर पुढे काढतो, एखादा मागे घेतो. उरलेली नक्षी सावली काढते. मला विटेतलं गॉथिक जास्त आवडतं ते यासाठी. त्यात मिरवणं कमी आणि हिशेब जास्त असतो.

उपासनेचं दालन वरच्या मजल्यावर आहे. मेथडिस्ट परंपरेत प्रवचनाला मोठा मान. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही शब्द नीट ऐकू यायला हवा, हे अशा दालनाचं पहिलं काम.

ए.एम.ई. संप्रदायाचं मूळ फिलाडेल्फियात आहे. तिथल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रार्थनेच्या मधूनच, गुडघ्यांवर असताना, उठवण्यात आलं. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले ते परतलेच नाहीत. १८१६ मध्ये त्यांच्या मंडळ्यांनी मिळून हा स्वतंत्र संप्रदाय उभा केला.

(दृश्य : व्हाइट हाउस, मग पुन्हा विटांचे थर.)

व्हाइट हाउसचा पांढरेपणा रंगाचा आहे, आत वालुकाश्म. त्या बांधकामावर आणि कॅपिटॉलच्याही, गुलाम राबले, नि त्यांची मजुरी मालकांच्या हाती पडली. एम स्ट्रीटवरच्या या विटांसाठी मात्र देशभरातल्या ए.एम.ई. मंडळ्यांनी वर्गणी धाडली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करण्याच्या कामात औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यानंतर तेरा वर्षांनी ही भिंत पुरी झाली.

(दृश्य : रिकामं दालन, बाकांच्या रांगा.)

९ जानेवारी १८९४. गुलामीतून पळून आलेला आणि पुढे साऱ्या देशाला ऐकायला लावणारा फ्रेडरिक डग्लस इथे बोलायला उभा राहिला. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमाव ठार मारत होता. डग्लसनं त्या हत्यांचा आणि त्यांचं समर्थन करणाऱ्यांचा एकेक मुद्दा घेऊन समाचार घेतला. वय पंचाहत्तरीच्या पुढचं.

पुढच्या वर्षी, २५ फेब्रुवारीला, त्याच दालनात त्याची शवपेटी ठेवली होती. आणि २००५ च्या ऑक्टोबरअखेर, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची स्मरणसभाही इथेच, याच रंगीत काचांच्या उजेडात झाली.